उज्जैन, लाली गाय आणि समोरासमोरचे दोन दवाखाने

आत्याने वर्षभर फोनवर एकच पालुपद लावलं होतं, "येऊन जा ना गं, आता काय आम्ही गेल्यावर येशील?" शेवटी या थंडीत मी पुण्याहून इंदूरच्या गाडीचं तिकीट काढलं आणि एकटीच निघाले. महाकाळाचं दर्शन, भैरवगढच्या चादरी आणि आत्याच्या हातचं खाणं, एवढाच साधा बेत. दर्शन झालं, चादरीही आल्या. पण बाकी जे घडलं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे. तेव्हा ज्यांना फक्त प्रवासाची माहिती हवी आहे त्यांना आधीच सांगते, ती मिळेल, पण माझ्या संतापासकट घ्यावी लागेल.

इंदूरची ही गाडी वाटेत सकाळी उज्जैनला पोचते. स्टेशनाबाहेर आलं की देवास गेट अगदी जवळ. बसस्टँड, लॉज, पुऱ्यांचे ठेले, सगळं तिथेच. रिक्षावाले अंगावर येतात, पहिला भाव ऐकून चालायला लागायचं, तो आपोआप खाली येतो. मी तिथेच उभ्याउभ्या पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावण नावाचा चटकदार मसाला. पुण्यातल्या पोह्यांना नावं ठेवायची इच्छा नाही, पण हे खाऊनच बघा.

आत्याचं घर फ्रीगंजच्या एका गल्लीत आहे. मी पोचले तेव्हा काका, म्हणजे आत्याचे यजमान, फाटकाशीच होते. रेल्वेतून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली, तब्येतीने खुटखुटीत. सकाळची पहिली पोळी गायीला दिल्याशिवाय ते स्वतः घास घेत नाहीत. गल्लीत फिरणारी लाली नावाची तांबडी गाय वर्षानुवर्षं त्यांच्या फाटकाशी येते, मुकाट्याने पोळी खाते आणि पुढे जाते.

त्या दिवशी मात्र ती खात नव्हती. पोळी हुंगायची, तोंडात घ्यायची आणि ती खाली पडायची. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. घशातून चमत्कारिक, घोगरा आवाज काढत होती.

"खाऊन नाही राहिली बिचारी," काका म्हणाले. "गळ्यात पन्नी अटकली आहे हिच्या. या लोकांना किती वेळा सांगितलं, पन्नीत बांधून कचरा नका फेकू!"

तेवढ्यात बद्री आला. बद्री म्हणजे गल्लीत हातगाडी फिरवणारा भाजीवाला. काकांनी त्याला हाक मारली. बद्रीने दोन्ही हातांनी लालीचा जबडा फाकवून धरला आणि काकांनी शर्टाची बाही वर करून हात कोपरापर्यंत तिच्या घशात घातला. पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, काही सापडली नाही. हात बाहेर काढला तर लाळेने माखलेला, बोटांच्या सांध्यावर दात घासून साल निघालेलं. काकांनी नळाखाली हात धरला, पंचाला पुसला आणि मला म्हणाले, "चल, चाय घेऊ."

आणि मी? मी मोबाइलवर त्याचा फोटो काढत होते! किती प्रेमळ माणूस, असं मनात म्हणत होते. त्या वेळी आम्हाला कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून महाकाळाचं दर्शन घेतलं. रांग होती, पण हलत होती. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, सोबत पिशव्या नेऊ नका. तिथून ई-रिक्षाने भैरवगढ. कालभैरवाच्या देवळाच्या बाजूला हा छापकामाचा मोहल्ला आहे. लाकडी ठसे रंगात बुडवून कापडावर मारतात, एकामागून एक, रेघ जराही न चुकता. अंगणात ओल्या चादरी वाळत घातलेल्या. दुकानापेक्षा कारखान्यातच घ्या, स्वस्त पडतं आणि माणसं हौसेने दाखवतात. मी गर्द लाल आणि काळ्या वेलबुट्टीच्या दोन घेतल्या आणि खुशीत परतले.

घरी आले तर आत्या वैतागलेली. "लाली आली नाही म्हणून हे सकाळपासून उपाशी बसलेत. दवाई पण नाही घेतली. सांग तू तरी!"

शेजारीण म्हणाली, काल संध्याकाळी लाली चौकात पडली होती, जनावरांच्या दवाखान्याची गाडी येऊन तिला घेऊन गेली. मग काय, तिची खबर कळल्याशिवाय काका जेवणार नाहीत, म्हणून मी आणि आत्या निघालो. नाव लिहीत नाही, पण एका रस्त्याच्या या बाजूला जनावरांचा दवाखाना आणि बरोबर समोर माणसांचा. मधोमध चहाची टपरी. दोन्हीकडचे लोक तिथेच चहा पितात.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता, पायात गमबूट. शांतपणे म्हणाला, "वो तो रात को ख़त्म हो गई। रेबीज थी, लगभग पक्का समझिए। सैंपल भेजा है।"

मला आधी समजेचना. रेबीज कुत्र्याला होतो ना? त्याने समजावून सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं गायीला चावतं, मग गायीला गिळता येत नाही, लाळ गळते. लोकांना वाटतं घशात काही अडकलंय आणि ते हात घालतात. "हर बार यही होता है," तो म्हणाला. "हमारे जिन लोगों ने उठाया, सबको इंजेक्शन दिलवा दिए।"

"आणि गल्लीतल्या लोकांना?" मी विचारलं. "त्यांना कोणी सांगितलं?"

"मैडम, आदमियों का काम सामने वालों का है।"

"मग समोरच्यांना सांगितलं का?"

"हम अपने विभाग में ऊपर रिपोर्ट करते हैं।"

हर बार यही होता है! म्हणजे यांना माहीत आहे. दर वेळी माहीत असतं. आणि तरी एक माणूस रस्ता ओलांडून चार शब्द बोलत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्याने काकांना फोन करून बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं समोर गेलो. तिथले डॉक्टर वयस्कर, चष्मा कपाळावर. "किसने काटा?"

"काटा नहीं, गाय के मुँह में हाथ डाला था," काका म्हणाले.

"गाय? यहाँ तो कुत्ते-बंदर के केस आते हैं। काटा नहीं तो घबराना क्या? घर जाइए।"

काका खरंच उठले. निमूटपणे उठले! आयुष्यभर साहेबांचं ऐकलेला माणूस. "चल बेटा, डॉक्टरसाहेब बोलून राहिलेत ना, फोकट टेंशन नको." त्या क्षणी मला सगळ्यांचाच राग आला, काकांचासुद्धा.

मी तडक रस्ता ओलांडला. गमबूटवाल्या डॉक्टरला म्हटलं, "आप चलिए मेरे साथ। अभी, इसी वक़्त।" तो म्हणाला, असं आम्ही जात नाही. मी म्हटलं, नाही जात तर मी इथेच बोंब मारते. मी काय चीज आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. आला बिचारा, तसाच गमबुटात.

आणि मग? दोन मिनिटं लागली हो! दोघं समोरासमोर उभे राहिले. तरुण डॉक्टरने गायीची लक्षणं सांगितली, वयस्कर डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन काकांचा हात उलटा केला, सांध्यावरचं निघालेलं साल पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अरे, तो बताना था ना भाई!"

"किसको बताते, सर? हमें तो आपका नंबर भी नहीं मालूम।"

एकाच टपरीवर रोज चहा पिणारी माणसं ही! कपाळ बडवून घ्यावं की हसावं?

काकांचा हात साबणाने बराच वेळ धुतला, जखमेत इंजेक्शन दिलं, लस टोचली, पुढचे डोस कधी ते बजावून सांगितलं. वागायला दोघंही चांगले होते, तेही लिहिलं पाहिजे. पण मी विचारलं, "गायीचा जबडा बद्रीने धरला होता. त्याचे हात भेगाळलेले आहेत. त्याला कोण शोधणार?" तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, माणूस आहे, म्हणजे तुमचं काम. दुसरा म्हणाला, गाय तुमची होती. शेवटी दोघं आम्हालाच म्हणाले, "आपके मोहल्ले का है ना, आप भेज दीजिए।"

संध्याकाळी आत्या आणि मी गल्लीतलं एकेक दार ठोठावलं. लालीला हाताने भरवणाऱ्या दोन बायका निघाल्या, त्यांना दवाखान्यात धाडलं. बद्री मात्र सापडला नाही. बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता, फोन बंद. गाव शाजापूरच्या बाजूला कुठेतरी, एवढंच लोकांना ठाऊक. माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. मी रद्द करायला निघाले तर काकांनी मोबाइलच काढून घेतला. "तू जा. तुझं ऑफिस आहे. मी पाहतो."

तुम्ही उज्जैनला जरूर जा. पोहे खा, क्षिप्रेच्या घाटावर बसा, भैरवगढला चादरी घ्या. पण लाळ गाळणारं, गिळता न येणारं जनावर दिसलं तर कितीही जीव तुटो, तोंडात हात घालू नका. घातला असेल तर चावलं नाही म्हणून गप्प बसू नका. हात साबणाने धुवा, लगेच दवाखाना गाठा, आणि डॉक्टरने घरी जा म्हटलं तरी खुर्ची सोडू नका.

पुण्यात येऊन मी रोज फोन करत होते. बद्री आला का? नाही गं. आज? नाही. रात्री झोप लागेना. नवी चादर अंथरली होती, तिच्यावर कूस बदलत पडायचे.

मग एका दुपारी काकांचाच फोन आला. ते आणि आत्या देवास गेटहून बसने गेले होते, दोन बस बदलून, विचारत विचारत. बद्री लग्नघरात पुऱ्या लाटत बसला होता, ठणठणीत. त्याला तसाच उठवून उज्जैनला आणला आणि पहिलं इंजेक्शन दिलं. ऐकून मी ऑफिसातच रडायला लागले.

"घाबरला का हो तो?" मी विचारलं.

"घाबरला ना. मग म्हणाला, बाबूजी, आपको अस्पताल वालों ने भेजा? बड़े भले लोग हैं, मेरे जैसे के लिए इतनी दूर आदमी भेजा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. कोणीच नाही पाठवलं, हे त्याला सांगायची शरम वाटली मला."