टीव्हीवरच्या आडव्या रेषा

इंद्रायणीबाई सोळा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आंबेगाव तालुक्यातल्या कुणाला मुंबई हवी, कुणाला नाशिक, सगळी बोलणी त्यांच्या हातातून जायची. त्र्याण्णव साली आपोआप नंबर लावणारं यंत्र आलं आणि साहेबांनी त्यांच्या अनुभवाची कदर करून त्यांना तक्रारवहीच्या टेबलावर बसवलं. पण दूरचा आवाज ऐकायची सवय बदलीच्या हुकमाने सुटत नाही. एका निवृत्त तारमास्तरांकडून त्या तारेची टकटक लिपी, मोर्स, शिकल्या, पुण्याला जाऊन हौशी लोकांच्या वायरलेसची, म्हणजे हॅम रेडिओची, परीक्षा दिली आणि पास झाल्या.

मग घोडेगावातल्या त्यांच्या घरी लायसनच्या चौकशीला हवालदार आला.

"वायरलेस कशाला पायजे, बाई? घरात फोन हाय की."

"फोनवर ओळखीच्या माणसांशी बोलतात. यावर अनोळखी माणसांशी बोलायचं असतं."

हवालदाराने हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. लायसन आणखी चौदा महिन्यांनी आलं.

यंत्र त्यांनी स्वतः जोडलं. नवरा सोपान, वय वर्षे अठ्ठेचाळीस, अँटेनाची तार बांधायला आंब्यावर चढला. ही तार कपडे वाळत घालायची आहे आणि बाईला अंदाज नसल्यामुळे जरा उंच गेली, असा गल्लीने निष्कर्ष काढला. तोवर सगळं सुरळीत होतं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत वर्ल्ड कप सुरू झाला आणि तिसऱ्या घरातल्या सावळेरामांच्या टीव्हीवर आडव्या रेषा आल्या.

सावळेराम हे गल्लीचं नेतृत्व. ते कुणी त्यांना दिलेलं नव्हतं, त्यामुळे काढून घ्यायचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ते सात माणसं घेऊन दारात उभे. सातांपैकी तिघांकडे टीव्ही नव्हता, पण त्यांनाही त्रास होत होता.

"वहिनी, तुमच्या त्या टकटकीनं आमची मॅच गेली. आन् भिकोबाची म्हैस दोन दिस दूध देत न्हाई."

"म्हशीचं मला माहीत नाही, भाऊ," इंद्रायणीबाई म्हणाल्या, "पण टीव्हीचं खरं असू शकतं. मला पंधरा दिवस द्या. तोवर मॅचच्या वेळेला मी यंत्राला हात लावणार नाही."

चूक कबूल करणारं माणूस गल्लीने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. सगळे जरा गडबडले. भांडणाची तयारी करून आलेले लोक चहा पिऊन गेले आणि वाटेत त्यांनी ठरवलं की कबूल केलं म्हणजे म्हशीचंही हिनेच केलं असणार.

बाई मात्र कामाला लागल्या. यंत्रातून हवी ती लहर निघते, आणि लग्नातल्या वऱ्हाडासारख्या तिच्यामागून नको त्याही चार निघतात, हे त्यांना ठाऊक होतं. मंचरला बदरुद्दीनभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. इंद्रायणीबाईंना पाहिलं की ते गिऱ्हाईक सोडून स्टूल पुढे करायचे, कारण चांगला प्रश्न विचारणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे येत नव्हतं.

"ताई, मेलेल्या टीव्हीच्या गळ्यातली ही काळी कडी घ्या," ते म्हणाले. "अँटेनाची केबल हिच्यात गुंडाळा, आठ-दहा येढे. केबलीच्या अंगावरनं जे उलटं घरात शिरतंय ते हितंच आडतंय बघा."

कड्या आल्या. तांब्याच्या तारेची वेटोळी करून फिल्टर झाला. अर्थिंगसाठी परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली. ती सोपानने पुरली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "गुप्तधन ठेवतुय" असं सांगितलं. त्यातल्या दोघांनी ते खरं धरलं.

आता राहिली मोजमापाची यंत्रं. ती फार महाग. पण घरात सासूबाई होत्या. सारजाबाईंना संध्याकाळच्या मालिकेपुढे बसवलं आणि इंद्रायणीबाई आतल्या खोलीतून कळ दाबू लागल्या.

"आत्याबाई, रेषा आल्या?"

"आल्या!"

एक कडी वाढवली. "आता?"

"मगापरीस बारीक हाईत."

फिल्टर लावला. "आता?"

बाहेरून फक्त मालिकेतलं रडणं ऐकू आलं.

"आत्याबाई, आता?"

"न्हाईत गं रेषा! आन् गप बस की, ती सुनंच्या दुधात काय कालवतीय ते बघू दे."

इतकं नेमकं माप पुण्याच्या प्रयोगशाळेतही मिळालं नसतं.

घरचा टीव्ही स्वच्छ झाला. सावळेरामांचा नाही झाला. उलट आता बाईंच्याच रेडिओत रोज संध्याकाळी सहाला घर्रर असा आवाज सुरू व्हायचा आणि दहाला थांबायचा. त्या आवाजाखाली सगळं जग गाडलं जायचं. म्हणजे रेषा आणि घरघर, दोन्हींचं मूळ गल्लीतच कुठंतरी होतं.

त्यांनी सावळेरामांना एक वही नेऊन दिली. "रेषा आल्या की तारीख आणि वेळ लिहा."

लेखी तक्रार करायची संधी सावळेरामांनी जन्मात सोडली नव्हती. दहा दिवसांत सहा पानं भरली. यंत्र कधी चालवलं हे इंद्रायणीबाई आपल्या वहीत लिहीत, तिच्याशी त्यांनी ती ताडून पाहिली आणि भर गल्लीत त्यांच्यापुढे धरली.

"भाऊ, नऊ, दहा आणि अकरा तारखेला तुमच्या टीव्हीवर सगळ्यात जास्त रेषा. त्या तीन दिवशी मी तळेघरला माहेरी होते. पुढची एसटी चुकली म्हणून शेवटचे दोन कोस चालत गेले. यंत्राला कुलूप होतं."

सावळेरामांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली. "जाताना चालू ठेवून गेला असाल."

"ते हाताने कळ दाबल्याशिवाय चालत नाही."

"मग तळेघरावनं केलं असंल. वायरलेसच हाय न्हवं ते!"

या युक्तिवादावर गल्लीने माना डोलावल्या. इंद्रायणीबाईंच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. तारांच्या जंजाळात सोळा वर्षं काढली होती, पण असा गुंता त्यांनी पाहिला नव्हता. त्या घरात आल्या आणि कोनाड्यातला ट्रान्झिस्टर उचलला.

या ट्रान्झिस्टरच्या आत एक काळी कांडी असते. तिचं टोक आवाजाच्या उगमाकडे वळलं की आवाज बारीक होतो. संध्याकाळी सहा वाजता, ऐन वर्दळीत, बाई ट्रान्झिस्टर छातीशी धरून स्वतःभोवती गिरक्या घेत गल्लीतून चालू लागल्या. "एक्स्चेंज गेल्यापास्नं बिचारीचं असंच हाय," अंबाबाई शिंपीण हळहळली. कुणी लिंबू उतरायचा सल्ला दिला. बाई गिरक्या घेत, थांबत, पुन्हा वळत गेल्या आणि सावळेरामांच्या ओट्यापुढे येऊन थांबल्या. आवाज इतका चढला होता की ओट्यावरच्यांनी कान झाकले. ट्रान्झिस्टर फिरवला की तो एकाच दिशेला बारीक व्हायचा, आणि तेव्हा कांडीचं टोक सावळेरामांच्या माळवदाकडेच बोट दाखवत असायचं.

माळवदावर, अँटेनाच्या बांबूला, बूस्टर होता. चित्र लांबून ओढून आणणारा. गल्लीत तो फक्त सावळेरामांकडे होता आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना पाण्याच्या आधी सांगत. त्याचा विजेचा डबा उघड्यावरच बांधलेला, पावसाळे खाऊन गंजलेला.

"भाऊ, एक मिनिट बूस्टर बंद करा."

"वा! तुमच्या टकटकीपायी आमी आमचा बूस्टर बंद करायचा? उद्या म्हणाल..."

उद्याचं वाक्य पुरं झालं नाही. सावळेरामांची बायको भागूबाई घरातून सगळं ऐकत होती. टीव्हीपायी या घरात तीन आठवडे धड बोलणं झालं नव्हतं. तिने उठून प्लग उपटला.

घरघर थांबली. ट्रान्झिस्टरमधून स्वच्छ आवाजात बाजारभाव ऐकू येऊ लागले. समोरच्या घरातून पोरं ओरडली, "रेषा गेल्या! रेषा गेल्या!" भागूबाईने प्लग लावला, रेषा आल्या. काढला, गेल्या. तिने हा प्रयोग चांगला आठ वेळा केला. शास्त्राला तीन पुरले असते.

सावळेराम खाकरले. "मी पैल्यापास्नं म्हणत व्हतो," ते ओट्यावरच्यांना म्हणाले, "बूस्टरमधीच कायतरी घोळ हाय."

ओट्यावरच्यांनी पुन्हा माना डोलावल्या. त्या माना तयारच असत.

रविवारी बदरुद्दीनभाई मंचरहून आले. डब्यात सुटलेल्या जोडाशी ठिणग्या उडत होत्या. त्यांनी जोड झाळला, दोन सुटे भाग बदलले, डबा छपराखाली आणला आणि केबलीत एक काळी कडी अडकवली. सावळेरामांनी त्यांना तीन सूचना केल्या. पुढच्या महिन्यापासून गावात कुणाच्याही टीव्हीवर रेषा आल्या की लोक सावळेरामांना बोलवू लागले. ते ट्रान्झिस्टर घेऊन गिरक्या घेत, आणि त्यांना लिंबू उतरायचा सल्ला कुणी दिला नाही. भिकोबाची म्हैस गाभण होती, म्हणून आटली होती, हे यथावकाश कळलं.

एप्रिलच्या एका संध्याकाळी इंद्रायणीबाईंनी रेडिओ लावला. आत इतकी शांतता होती की त्यांना आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. मग त्या शांततेच्या तळाशी, सुईच्या टोकाएवढा, एक टिकटिकाट ऐकू आला. त्यांनी श्वास रोखला, लिहून घेतलं, कळ दाबून उत्तर दिलं. तिकडून त्यांचंच, लायसनवरचं, चिन्ह परत आलं. स्वतःचं नाव त्यांनी दोनदा पाठवलं.

सारजाबाई दारात आल्या. "कोण व्हतं?"

"जपानचे एक आजोबा आहेत, आत्याबाई. उत्तरेकडच्या बेटावर राहतात."

"काय म्हनत्यात?"

"अजून बर्फ आहे म्हणतात."

सारजाबाईंनी पदराने मानेवरचा घाम पुसला. एवढ्या खटाटोपातून हाती काय लागलं, याचा थोडा वेळ विचार केला.

"हितं ऊन लई हाय म्हणावं," त्या खाली बसत म्हणाल्या. "आन् जेवले का इचार."

इंद्रायणीबाईंनी कळेवर बोट ठेवलं आणि विचारलं.