उलटी कमान

आधीच सांगते, कमेंटमध्ये ‘नजर काढा’ वगैरे लिहू नका. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही, माझा तर बिलकुल विश्वास नाही. म्हणूनच तर डोकं फिरलंय!

मी जालन्यात चित्रकला शिकवते. शाळेतल्या एक सहकारी बाई निवृत्त झाल्या, जाताना त्यांनी मला जुनं एनग्रेव्हिंग भेट दिलं... तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. इटलीतल्या कुठल्याशा पडक्या देवळाचं. मोडके खांब, उजवीकडे अर्धी ढासळलेली कमान. हौसेनं हॉलमध्ये लावलं.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, नुकतेच वाटूरहून आमच्याकडे राहायला आले होते. चित्राकडे बघून म्हणाले, “उलटं हाय हे.”

“मामा, खांब सरळ तर उभे आहेत!”

“खांबाचं न्हाई म्हणत. कमान डाव्या अंगाला पाह्यजे. तिच्यामागं उतार, खाली पाणी.”

मग रोज तेच. जेवताना तेच, पाहुण्यांसमोर तेच! शेवटी नवरा खेकसला, “बाबा, तुम्ही दीक्षाभूमी सोडून कुठं गेलात का कधी?”

मामांनी पिशवी भरली. “चाललो मी वाटूरला. खोट्या चित्राखाली घास उतरत न्हाई.”

आता मात्र हद्द झाली! त्यांना खोटं पाडायचंच म्हणून चित्राखाली छापलेलं ठिकाण मोबाईलवर शोधलं. फोटो आला... कमान डावीकडे. मागे उतार. खाली ओढा.

पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं की छापताना डावं-उजवं उलटतं. लिनोकटचे ठसे कोरून छापायला शिकवताना हेच मी वर्गात ओरडून ओरडून सांगते!

बेसिनवरचा आरसा काढला, चित्रासमोर तिरका धरला. “मामा, आता बघा.”

त्यांनी पिशवी खाली ठेवली. किती तरी वेळ आरशात बघत राहिले. डोळे भरून आले.

“आता बराबर,” ते म्हणाले. “हितंच बसायची ती.”

“कोण, मामा?”

त्यांनी पिशवी उचलून परत आत नेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर माझ्यावरच डाफरले, “कोण ती? काय विचारून राह्यली तू?”

नवरा म्हणतो, डावं-उजवं काय, कुणाचंही जुळेल. मग उतार? पाणी? मामांचा फोन बटणांचा आहे हो! माझ्याकडे उत्तर नाही, अन् ज्यांच्याकडे असेल ते सांगायला तयार नाहीत. वैतागून चित्र भिंतीवरून उतरवायला गेले, तर मामांनी माझा हात धरला.

“राहू दे पोरी. एकटी पडंल.”