बनसोडेमामांच्या गाठी

वायरीला हात लावण्याआधी बनसोडेमामा तिला प्रश्न विचारायचे. गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. प्लग डोळ्यांजवळ धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "तू बोलतीस का ऐकतीस?" मग उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून ती वायर जागेवर बसवायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पदराआड हसले होते. पुण्याहून सहा आठवड्यांचं कॉम्प्युटरचं ट्रेनिंग घेऊन आले होते ना मी. अख्ख्या धाराशिवात आपल्याइतकं शहाणं माणूस नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती बावीस वर्षांची मुलगी आज समोर आली, तर तिची लांबलचक वेणी मी मागून हळूच खुर्चीला बांधून ठेवीन.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि पाऊस लागोपाठ रुसला होता. आमचा सहकारी संघ जनावरांच्या छावण्या चालवायचा. कुठल्या छावणीत किती जनावरं आहेत याच्या चिठ्ठ्या दुपारपर्यंत एसटीनं यायच्या. आम्ही ते आकडे टर्मिनलवर भरायचे, मोडेमनं फोनच्या तारेवरून दूर उसाच्या पट्ट्यातल्या चारा डेपोला पाठवायचे, आणि तिथून उद्याच्या ट्रकांची यादी आमच्या प्रिंटरवर खडखडत उतरायची. सगळं पाचच्या आत. पाचनंतर डेपोवाले आदल्या दिवसाच्या यादीनंच ट्रकांत उसाचं वाढं भरायला लागायचे.

टर्मिनल नवी होती, प्रिंटर नवा होता, पण ती सगळी जोडायची होती एका जुन्या करड्या पेटीला. वरच्या कचेरीनं नको झाली म्हणून ती आमच्या गळ्यात मारली होती. तिच्या पाठीला बारा भोकं, नंबर पुसून गेलेले. मामा खरं तर वायरमन. मॅट्रिकनंतर शिकायला मिळालं नव्हतं, पण त्या पेटीची नस त्यांनाच सापडली होती. तिला लागणाऱ्या सहाही वायरींची टोकं दिसायला सारखी आणि कुठलंही टोक कुठल्याही भोकात बसायचं. त्यावर मामांचं ठरलेलं बोलणं होतं, "बसलं म्हंजी चाललं असं न्हाय, बाई. दोगंबी बोलाया लागले तर ऐकणार कोन?" मी मनात म्हणायचे, हे मला शिकवणार. आणि वयानं वडिलांएवढ्या माणसाला तोंडावर नुसतं "बनसोडे" म्हणायचे. ते मात्र मला "बाई, तुमी" म्हणायचे.

प्रत्येक वायरीला त्यांनी दोरे बांधले होते. लाल, पांढरे, निळे. मळकट, आणि वर गाठी मारलेले. मला ते बघवायचे नाहीत.

एके दिवशी संघाचे अध्यक्ष फोटोग्राफरला घेऊन येणार होते. मामा रजेवर होते, सोनारीकडं गेले होते. सोनारीला त्याच दिवशी नवी छावणी उघडली होती आणि येताना तिथला आकडा तेच आणणार होते. मी सकाळीच टेबल आवरायला काढलं. सगळ्या वायरी दोन्हीकडून उपसल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि कात्री घेऊन ते दोरे कचाकच कापून टाकले. कॉम्प्युटरला कसले आलेत गंडेदोरे, असं शिपायाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालेही. मग वायरी जिथं बसल्या तिथं बसवल्या. सगळ्या छान बसल्या. फोटोही छान आला. त्यात मी मशीनवर हात ठेवून अशी उभी आहे, की जणू मीच ते प्रसवलं.

दोन वाजता टर्मिनल चालू केली, तर पडदे कोरे. मोडेमचा दिवा लागेना. मी एक वायर काढून दुसरीकडं घातली, दुसरी तिसरीकडं. एकदा प्रिंटर आपोआप सुरू झाला आणि त्यानं हातभर कागदावर नुसत्या फुल्या छापल्या. मॅनेजर साहेब दारात येऊन विचारायला लागले. मी म्हणाले, लाईन खराब दिसतेय साहेब. ते फोनखात्याला शिव्या देत गेले. साहेबांच्या फोनवरून डेपोला ट्रंक कॉल लावला, तर एक्सचेंजवरच्या बाई म्हणाल्या, तीन तास लागतील. माझ्या तळहातांना असा घाम सुटला होता, की प्लग निसटत होते. बाकीच्या छावण्यांचं कालच्या यादीवर भागलं असतं. सोनारीचं नाव कालच्या यादीत नव्हतंच. तिथली जनावरं रानातून उपाशीच चालत आलेली, आणि उद्याही त्यांच्यापुढं काही पडणार नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी तिसऱ्यांदा "लाईन" म्हणाले.

चार वाजता मामा आले. टोपीपासून चपलांपर्यंत धूळ, खिशात चिठ्ठी. टेबलाकडं बघून तिथंच थबकले.

"दोरे कुठंत, बाई?"

साहेब मागंच उभे होते. ते म्हणाले, कसले दोरे, बनसोडे? कामाच्या जागी असलं काही बांधत जाऊ नका. मामा नुसते माझ्याकडं बघत राहिले. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, की मीच कापले. मला वाटलं, गंडेदोरे आहेत. लाईन चांगली आहे, साहेब.

मामांनी टेबलावरची एक वायर उचलून बघितली. मग म्हणाले, "गंडेदोरे आमच्या बापानं छप्पन सालीच सोडले, बाई. ह्ये आमच्या मंडळीच्या गोधडीचे हायेत. लाल मोडेमचा, पांडरा टर्मिनलचा, निळा प्रिंटरचा. जितक्या गाठी तितव्या भोकाचा. चिठ्ठ्या डकवल्या तर उन्हानं डिंक सुटतो, म्हून गाठी." आणि वायर खाली ठेवत, "इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

रागावले असते तर बरं झालं असतं. साहेबांचं मी नंतर बरंच ऐकून घेतलं, पण त्यातला एक शब्द आज आठवत नाही.

मामांनी खिशातून बारका दिव्याचा टेस्टर काढला आणि माझ्या हातात दिला. ते एकेक टोक पुढं करायचे, मी टेस्टर लावायचे. "तू बोलतीस का ऐकतीस?" दिवा लागला की बोलती, नाही लागला की ऐकती. या वेळी मी हसले नाही. टेस्टर टोकावर नीट टेकेना, म्हणून मामांनी माझं मनगट धरून ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही, मी मात्र त्याच्यावरून नजर काढली नाही. पाचाला अकरा मिनिटं असताना मोडेमनं शीळ घातली. मी आकडे भरले, सोनारीचा सगळ्यात आधी. आकडे गेले.

उत्तराचा कागद प्रिंटरवर उतरायला लागला. चार ओळी नीट आल्या आणि पुढं अक्षरांचा चिवडा. मामांनी कपाळाला हात लावला. प्रिंटरच्या वायरीत एक जादा तार असते, दम लागला की "थांब" सांगायला. घाईत आम्ही दुसरीच वायर लावली होती. नवी छावणी म्हणून शेवटी येणारी सोनारीची ओळ त्या चिवड्यात गेली. वायर बदलून पुन्हा विचारेपर्यंत पाच वाजून गेले होते आणि पलीकडून कुणी उत्तर देईना.

सकाळी पहिल्या एसटीनं मामा सोनारीला निघाले. मी न सांगता शेजारी जाऊन बसले. भूम मागं टाकून आम्ही सोनारीला उतरलो. छावणीत जनावरं दाव्याला बांधलेली, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. हंबरत नव्हती, तेच जास्त भ्यायला झालं. मामा एका बैलजोडीपाशी गेले आणि एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. जोडीशेजारी बसलेला माणूस म्हणाला, "दादा, कालपास्नं पाण्याबिगर काय न्हाय." तो मामांचा धाकटा भाऊ. जोडी घरची. रजा ती छावणीत पोचवायलाच घेतली होती. काल चार ते पाच माझं मनगट धरून बसलेल्या माणसानं हे सांगितलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर धूळ उठली. आधी ती एसटीची निघाली. मी छावणीशेजारच्या देवळाकडं तोंड करून उभी राहिले, कारण रस्त्याकडं बघवेना. मग मागून मामांचा आवाज आला, "वळा हिकडं, बाई. प्रिंटरनं न्हाय सांगितलं, पर उत्तर आलं बगा." हिरव्या वाढ्यानं भरलेला ट्रक छावणीत शिरत होता. मी रडले, अगदी नाक ओढत, आणि त्या बैलानं माझ्या पदराचा शेव चघळून टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांनी गोधडीच्या दोऱ्याची रिळं आणून माझ्यापुढं ठेवली. बांधायचं काम तेव्हापासून माझ्याकडं आलं, आणि "बनसोडे"चे "मामा" झाले.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले, त्याच आठवड्यात नवी मशीन आली. जुनी पेटी भंगारात निघाली. मामा मुद्दाम शेवटचं बघायला आले होते. मी वायरी उपसून टेबलावर ठेवल्या. नवीन मशीनला त्या चालणार होत्या, फक्त दोरे काढायचे होते. मामांनी ड्रॉवरमधून कात्री काढली, तीच, आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरली. डोळ्यांत खट्याळपणा मावत नव्हता.

"कापा, बाई. आता काय बिगडत न्हाय."

मी कात्री बाजूला ठेवली आणि नखानं पहिली गाठ सोडवायला घेतली. वर्षानुवर्षांचा मळ बसलेला, गाठी दगडासारख्या झालेल्या. मोडेमची सुटायलाच अर्धा तास गेला. मामा समोरच्या खुर्चीवर बसून राहिले, एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा माझ्या नखांकडं.

"लई येळ लावता बाई," ते म्हणाले, "गाडी जाईल की माझी." आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.