चौथा घाव

मी देव असताना माझ्यावर फौजदारी झाली. म्हणजे गावच्या जत्रेतल्या दशावतारात मी विष्णू झालो होतो. एरवी प्राथमिक शाळेत मास्तर. साठ सालच्या आसपासची गोष्ट. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असे. आजही तो फार लांब गेलेला नाही.

राक्षस व्हायचा आमचा भातगिरणीवाला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो बोलतो. ठरलेलं एकच: देवाच्या लाकडी तलवारीचा तिसरा घाव बसला की राक्षसाने मरायचं. त्या वर्षी हा पठ्ठ्या प्रत्येक घावाला पडायचा आणि लगेच उठायचा. तिसऱ्यालाही उठला. मी डोळ्यांनी खुणावलं, दातओठ खाल्ले. पखवाजवाल्याने मरणाचा ठेका दोनदा वाजवला. हा आपला मांडीवर थाप मारून म्हणतो, "अरे देवा, तुझ्या शाळेतल्या पोरांका बाराचो पाढो येणा नाय, आणि तू माका मारतलस?"

सगळी जत्रा हसली. पाढ्यांवरून बोललेलं मी सख्ख्या बापाचंही ऐकून घेतलं नसतं. मी चौथा घाव घातला आणि तो नाटकातला नव्हता. त्याच्या कपाळाला तीन टाके पडले. राक्षस आडवा झाला खरा, पण शुद्ध हरपून.

आठवड्याभरात त्याने तालुक्याच्या कोर्टात फिर्याद ठोकली. शिक्षा झाली तर शाळेतून मला नारळ मिळणार, हे उघड होतं. मास्तरकीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. देव होणं हे काही पोटापाण्याचं काम नव्हे.

माझे वकील धोतरावर काळा कोट घालत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, भियाव नकात. राक्षसाचो पार्ट घेतल्यान, म्हणजे मार खावक संमती दिल्यान."

मी हरखलो. मग त्यांनी बोटं मोजली.

"पण संमती तीन घावांची. चौथ्याची नाय. चौथ्यासाठी आपण म्हणाचा, त्यानाच तुमका भडकवल्यान, तुमच्या जाग्यार कोणीय भडाकलो असतो. फक्त तुमी कोर्टात गप बसा. नायतर भडाकना ही तुमची सवयच ठरात."

तेव्हा मी गप बसलो. मॅजिस्ट्रेट घाटावरचे होते, अतिशय सौम्य गृहस्थ. दशावतार त्यांनी कधी पाहिला नव्हता. फिर्यादी पिंजऱ्यात आला, तो जुन्या टाक्यांवर ताजं फडकं बांधून.

"तुम्ही नेमकं कधी मरायचं होतं?" साहेबांनी विचारलं.

"तिसऱ्या घावाक."

"मग मेला का नाहीत?"

"तुमी मेला असतास, साहेब?"

"प्रश्न मी विचारतोय. का नाही मेलात?"

"वारो नव्हतो."

"मरायला वारा लागतो?"

"होडी घालूक लागता, मग मराक नको?"

पाव तास हे असंच चाललं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. शेवटी त्यांनी हातातली पट्टी टेबलावर आपटली आणि ओरडले, "अरे, मग मर ना एकदाचा!" शाईची दौत उलटून कागदांवर सांडली.

माझे वकील सावकाश उभे राहिले. "साहेब," ते शुद्ध मराठीत म्हणाले, "आरोपीची बाजू एवढीच आहे."

कोर्ट हसलं. शाई टिपता टिपता साहेबही हसले. मग पट्टी बाजूला ठेवून त्यांनी फिर्यादीला विचारलं, "आता खरं सांगा. का नाही मेलात?"

त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे मांडीवर पिशवी घेऊन त्याची म्हातारी आई बसली होती.

"आवस पयल्यांदाच बघूक इल्ली, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला. "पयलो घाव बसलो तेवाच 'माझो झील मेलो' म्हणान आरडाक लागली. म्हणान उठान दाखवी होतंय, जितो आसय म्हणान. चौथ्याक उठाक जमूक नाय. ता तिना बघितल्यान. म्हणान ही फिर्याद."

कोणी हसलं नाही. मला तोंड लपवायला जागा सापडेना. एवढ्यात मागून म्हातारीच खणखणीत आवाजात बोलली, "सोड रे मास्तराक! ते गेले तर पोरांका शिकयतलो कोण?"

गिरणीवाल्याने तिथल्या तिथे तडजोडीच्या कागदावर सही केली. नोकरी राहिली. बाहेर पायरीवर मी म्हातारीसमोर हात जोडले आणि म्हटलं, "खराच सांगतंय, झांज-पखवाजात तुमचो आवाज माका ऐकाक येवक नाय."

तिने माझे जोडलेले हात खाली केले. "मास्तरानु, तुमची आवस आसा?"

"नाय. ल्हान असतानाच गेली."

"म्हणानच ऐकाक येवक नाय," ती म्हणाली. मग पिशवीतलं एक केळं काढून तिने माझ्या हातात कोंबलं, आणि मी ते तिथेच पायरीवर बसून, पक्षकारांच्या देखत, रडत रडत खाल्लं.