चाकणच्या मैदानावरचा म्हातारा राजा

"या वेळी कुठं?" नवऱ्यानं विचारलं. मी "चाकण" म्हटल्यावर त्याला वाटलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकायचं चाललंय. त्याचंही चूक नाही. या ब्लॉगवर आजवर किल्ले आले, समुद्रकिनारे आले, देवराया आल्या. कारखान्यांच्या पट्ट्यात सुटी घालवायला कोण जातं?

पण माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली फोनवर म्हणाली, "आमचे कामगार म्हाताऱ्या राजाचं नाटक करतायत. ये." एवढ्यावर मला कळलं. चारशे वर्षांपूर्वीचा तो इंग्रज नाटककार, ज्याचं नाव कधी नाटक न बघणाऱ्यालाही ठाऊक असतं, त्याचं हे नाटक. राजा तीन मुलींत राज्य वाटायला बसतो, दोघी तोंडभरून गोड बोलतात, धाकटी खरं तेवढंच बोलते आणि राजा तिला हाकलून देतो. पुढं थोरल्या दोघी त्याला वाऱ्यावर सोडतात, तो वादळात वेडापिसा भटकतो आणि जवळ येते ती धाकटीच. कॉलेजात आम्ही परीक्षेपुरतं वाचलं होतं. ते मराठीत, चाकणला? मी बॅग भरली.

कोल्हापूरहून येणाऱ्यांसाठी एक सल्ला: स्वारगेटला उतरू नका. मुंबईकडं जाणारी बस धरा आणि वाकडच्या पुलाशी उतरा. तिथून डांगे चौकापर्यंत शेअर रिक्षा मिळते. वैशाली थेरगावात राहते. चाकणच्या एका कंपनीत गिअर तपासण्याचं तिचं काम आणि उरलेल्या वेळात नाटक. डांगे चौकातल्या बाजारातून वाट काढत तिच्याकडं पोचले, चहा घेतला आणि तालमीलाच गेलो.

तालीम सोसायटीच्या हॉलमध्ये होती. कोणी पहिली शिफ्ट करून आलेलं, कोणी कंपनीच्या गणवेशातच. धाकट्या मुलीचं काम करणारी पूजा लातूरची, गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात असते. आणि राजा म्हणजे चऱ्होलीचे बबनअण्णा. सत्तरीकडं झुकलेले, जुने शेतकरी. तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत कामं केलेली, आवाज असा की माइक लागू नये. वादळाचा प्रवेश त्यांनी केला तेव्हा पंखे बंद करायला लागले, कारण कुणालाच त्यांचा एक शब्द चुकवायचा नव्हता.

मग शेवटाकडचा प्रवेश आला. राजा शुद्धीवर येतो, धाकटीला ओळखतो, गुडघे टेकून माफी मागतो. अण्णा उभेच राहिले.

"अण्णा, कामून थांबलाव?" पूजानं हळूच विचारलं.

"राजा हाय ना मी? मग लेकीफुडं गुडघं टेकायचं व्हय? न्हाई."

वैशाली पुढं झाली. "अण्णा, तो चुकलाय. त्याला ते कळलंय."

"कळलं तर मनात ठेवंल. बोलून कशाला दावायचं?"

"आज चौथ्यांदा तुम्ही इथंच थांबलात. परवा प्रयोग आहे."

"मग दुसरा राजा बघा," असं म्हणून अण्णांनी टोपी घातली आणि निघून गेले. पूजा तिथंच खाली बसली. पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार होती ती, आणि लातूरहून तिचे आईवडील निघालेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चऱ्होलीला गेलो. थेरगावहून चिंचवड, भोसरी, दिघी असा रस्ता. भोसरीत सकाळी अडकायला होतं, म्हणून पोटभर खाऊन निघा. आळंदी जवळच आहे, त्यामुळं दर्शनही उरकता येतं. चऱ्होलीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंधरा-वीस मजली इमारती उभ्या राहिल्यात. मधेच एखादा झेंडूचा तुकडा दिसतो, पुन्हा पत्र्याचं कुंपण सुरू. अण्णांचा बंगला नवा, संगमरवरी जिन्याचा. मागं मात्र गोठा आणि दोन म्हशी राखलेल्या.

अण्णा गोठ्यात होते. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं आणि न विचारताच बोलायला लागल्या. रस्त्याकडची जमीन विकली गेली तेव्हा पैशाचे दोन्ही मुलांत वाटे झाले. मुलगी सुनीता, हिंजवडीजवळच्या माणला दिलेली. तिनं हक्क सोडल्याची सही करायची होती.

"आन् तिनं केली बरं का सही," काकू म्हणाल्या. "पर हे म्हनले, चार मान्सांत सांग, खुशीनं केली म्हनून. तर ती म्हनली, सही करते, पर खुशीनं केली असं न्हाई म्हननार. यांचं डोकंच फिरलं. म्हनले, मग ह्या घरचं दार तुला बंद. दिवाळी न्हाई, भाऊबीज न्हाई. नातीचं तोंड बघितलं न्हाई आमी."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही आलो होतो अण्णांची समजूत काढायला.

तेवढ्यात अण्णा हात धुऊन दारात आले. कितपत ऐकलं होतं, कोण जाणे. म्हणाले, "गाडी हाय ना? माणला जायाचंय."

काकूंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

चऱ्होली ते माण म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. नाशिक फाटा, वाकड, मग हिंजवडी. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते. हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि मेट्रोचे खांब लागले तेव्हा एकदम म्हणाले, "बाई, त्यो इंग्रज हिकडं कधी आलता का?"

"कधीच नाही, अण्णा."

"मंग त्याला आमच्या घरातलं कसं ठावं?"

याचं उत्तर मला इंग्रजीच्या कुठल्याच प्राध्यापकानं दिलेलं नव्हतं.

सुनीताताई माणमध्ये आयटीतल्या मुलांना डबे देतात. घराच्या पुढच्या खोलीतच मोठा गॅस, दोन बायका मदतीला. अण्णा उंबऱ्यात उभे राहिले. ताईंनी वर पाहिलं, लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"बसा. पाणी देते."

पाणी आलं. अण्णांनी ते प्यायलं नाही.

"तुझ्यावर अन्याव केला म्या," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचं ते वाक्य गॅसच्या आवाजात जवळजवळ बुडालं.

ताईंनी आमच्याकडं पाहिलं. वैशालीच्या हातात नाटकाची पत्रकं होती. "नाटकापायी आलाय का?"

मला वाटलं, संपलं. अण्णा मात्र सरळ म्हणाले, "व्हय. तिथं बोल फुटंना. तवा कळलं, हितं बोललो न्हाई म्हनून फुटंना."

ताईंनी पोळी तव्यावर टाकली. ती उलटून शेकली. मग त्या म्हणाल्या, "डब्याची वेळ झाली, अण्णा. पोरं उपाशी ऱ्हातील." आम्ही उठलो. अण्णांनी एक पत्रक ओट्यावर ठेवलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "परवेस करतो मी."

प्रयोगाच्या दिवशी चाकण. मोशीवरून इंद्रायणी ओलांडली की नाशिक रस्त्याला कंटेनरांची रांग लागते. शिफ्ट सुटायच्या वेळा टाळा, नाहीतर पायी गेलेलं बरं. दुपार हातात असेल तर भुईकोट किल्ला बघा. भिंती थोड्या उरल्यात, पण खंदकाच्या काठाने फिरताना जागा किती मोठी होती ते कळतं. जेवायला मासवडी आणि झणझणीत रस्सा घ्या. भाकरी गरम येते आणि वाढणारा "अजून रस्सा?" असं विचारतच राहतो. त्याच रस्त्यावर कोरियन आणि जपानी अक्षरांच्या पाट्यांची हॉटेलं आहेत. तिथं आम्ही फक्त डोकावलो.

संध्याकाळी मैदान भरलं. कामगार, त्यांची कुटुंबं, गावातली मंडळी. पुढच्या रांगेत माझ्या शेजारी वैशालीच्या कंपनीतली एक कोरियन इंजिनिअर बाई होती. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. अण्णा आले, राज्य वाटलं, धाकटीला हाकललं, तेव्हा मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आरं येड्या, काय केलंस!" आणि कुणीच हसलं नाही.

माफीचा प्रवेश आला. अण्णांनी पूजापुढं गुडघे टेकले. वाक्यं अगदी हळू म्हटली, पहिल्या चार रांगांपुढं गेली नसावीत. पूजा खरंच रडत होती. माझ्या शेजारची कोरियन बाईसुद्धा. नंतर ती मला इंग्रजीत म्हणाली, "लहानपणी आजीबरोबर हे नाटक पाहिलं होतं. राजा आमच्याकडच्या कपड्यांत होता. ही गोष्ट इंग्रजांची आहे, हे मला मोठी झाल्यावर कळलं. तोवर आमच्याच गावची समजत होते."

पडदा पडला, टाळ्या झाल्या, पूजाच्या आईनं तिची दृष्ट काढली. खुर्च्या गोळा करायला सुरुवात झाली होती. अण्णा दाढी सोडवत पायरीवर बसले होते. आणि मैदानाच्या मागच्या कडेनं सुनीताताई चालत आल्या. सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी. काकूंनी तोंडाला पदर लावला.

ताई अण्णांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मागं काही ऐकू आलं न्हाई," त्या म्हणाल्या.

अण्णांनी मान खाली घातली. "आवाजच निघंना, पोरी."

"मंग आता म्हना. परत."

अर्धी दाढी हनुवटीला, अर्धी हातात. अण्णा उठले आणि म्हणाले. ते नाटकातलं नव्हतं. या वेळी चहाच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं. खुर्च्या उचलणारे थांबले. ताईंनी मुलीला पुढं ढकललं, "आजोबा हायत, पाया पड."

सकाळी वाकडहून बस धरली. घरी येऊन चार दिवस झाले, तरी मी फोटो लावत बसलेय आणि त्यांत बघण्यासारखं फारसं काही नाही. खंदक आहे, रस्सा आहे, कंटेनर आहेत. तिथं जाऊ नका असं मात्र म्हणणार नाही. जमलं तर कुणाचा तरी प्रयोग गाठून जा.

एक गोष्ट तेवढी मनातून जात नाही. मूळ नाटकाचा शेवट वाईट आहे. राजाला कळतं, तो माफी मागतो, पण फार उशीर झालेला असतो आणि शेवटी मेलेल्या धाकटीला त्यालाच हातांवर उचलून आणावं लागतं. दूरदेशीचे लोक हे इतकी वर्षं पुन्हापुन्हा का बघतात, याचा मी कॉलेजात कधी विचार केला नाही. आता वाटतं, राजाला झाला तो उशीर आपल्याला होऊ नये म्हणून बघत असतील. चऱ्होलीच्या अण्णांना झाला नाही.