शेजारची जागा

पुंजाराम साळवे म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लासलगावच्या कांदा बाजारात त्यांनी उभी हयात मापारी म्हणून काढली. लोकांचा कांदा तोलायचा आणि संध्याकाळी अंगाला त्याचा वास घेऊन घरी यायचं. निवृत्त होऊन नाशिकला आले तरी हाताची सवय गेली नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात कांदा घेण्याआधी ते अंगठ्याने त्याची मान दाबून बघायचे आणि तोंड वाकडं करून परत ठेवायचे. भाजीवाल्या बाया त्यांना लांबूनच ओळखायच्या. "आला दाबणारा बाबा," म्हणायच्या.

अशा माणसाला माझ्या बहिणीने मिशनरी करून झांबियाला नेलं. हे मला आजही शांतपणे सांगता येत नाही.

विमलाताई शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही तीच होती. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, लहान, नाशिकच्या शरणपूर भागातला. एका रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, झांबियातल्या एका गावच्या मंडळीला दोन वर्षांसाठी वयस्क जोडपं हवंय, कोण जाईल? ताईचा हात लगेच वर. दाजी शेजारी बसून शर्टाचं बटण न्याहाळत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मनोज, हात तिचा वर झाला, पण मोजलं मलाबी."

त्यांना जायचं नव्हतं. त्यांचा एकुलता एक मुलगा अमित एकोणिसाव्या वर्षी नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रकखाली सापडला. तेव्हापासून दर रविवारी उपासना सुटली की दाजी पाण्याचा डबा घेऊन दफनभूमीत जायचे आणि अमितच्या कबरेवरच्या मोगऱ्याला पाणी घालायचे. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी मागून ठेवली होती. निघण्याआधी त्यांनी माझ्यासमोर ताईकडून एकच वचन घेतलं. "कुठंबी ने, पण परत आणून त्याच्याशेजारी ठेव."

"आणीन," ताई म्हणाली. "दोनच वर्षं तर आहेत."

पाण्याचा डबा माझ्याकडे आला.

पहिली पावणेदोन वर्षं बरी गेली. ताई बायकांना शिवण शिकवायची, मुलांकडून पाठांतर करून घ्यायची. दाजींना इंग्रजी येत नव्हतं, तिथली भाषा तर सोडाच. त्यांनी चर्चच्या मागे जमीन खणून कांद्याचे वाफे घातले आणि तेवढ्यावर गावाशी मैत्री केली. दर रविवारी मी कबरेपाशी उभा राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावायचो. ते मोगरा बघायचे, मी त्यांचे वाफे बघायचो. दोघांनाही फार बोलायला लागायचं नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत मात्र त्यांचा चेहरा सुजलेला दिसायला लागला. दोन वाक्यांत दम लागायचा. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, हृदय थकलंय, विमानात बसता येतंय तोवर घरी जा. एकदा ताई खोलीत नाही असं बघून दाजी फोन तोंडाजवळ धरून म्हणाले, "मनोज, तू सांग तिला. माझं ऐकत नाय ती. इथली माणसं लय चांगली हायेत. पण मला घरी यायचंय."

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "थोडेच रविवार राहिलेत. नवं चर्च बांधून होतंय, शेवटच्या रविवारी त्याचं समर्पण आहे. अर्ध्यातून परत आले तर साक्षीला उभी राहून काय सांगू?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. कुणीही उठून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतं. त्यात आजार असतो, कोर्टकचेरी असते, दारुडा नवरा असतो, पण शेवटी सगळं मार्गी लागलेलं असतं आणि सगळे मिळून आमेन म्हणतात. हरलेल्या माणसाची साक्ष मी तरी कधी ऐकली नाही. हरलेला माणूस मागच्या बाकावर बसतो. ताईला त्या मागच्या बाकाची भीती होती. दाजींचं दुखणं तिला परीक्षा वाटत होतं, आणि अर्धा पेपर टाकून उठणं तिने शाळेत कुठल्याच पोराला कधी करू दिलं नव्हतं.

"ताई, त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

"देव बघेल."

मी फोन ठेवला. तिचा इतका राग आला होता की दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

समर्पणाच्या आधीच्या रविवारी दाजी खुर्चीवर बसून बोलले. आता विमानाची गोष्टच उरली नव्हती, डॉक्टरने प्रवासाला नाही म्हटलं होतं. त्यांनी फोन वाफ्याकडे फिरवला. कांद्याची पात आडवी झाली होती. "माना पडल्या बघ," ते म्हणाले, "काढायला आला." मग मोगरा दाखव म्हणाले. मी दाखवला, पाणी घातलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"मनोज, शेजारी पण थोडं घाल."

"तिथं काय आहे दाजी? मोकळी जागा आहे."

"घाल. माती नरम राहील."

मी डबा तिथे रिकामा केला. फोन खाली धरून ओली माती त्यांना दाखवली.

गुरुवारी दाजी गेले. देह नाशिकला आणायचा तर कागदपत्रं राजधानीतून करायची, आणि त्या गावात देह ठेवायची सोय नव्हती. उकाडा भयंकर होता. ताईने फोन केला तेव्हा मला काही विचारलं नाही. "इथेच ठेवते," एवढंच म्हणाली. गावातल्या बायका तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिल्या. मातीला आलेल्या लोकांसाठी त्यांनी दाजींचे कांदे काढले आणि त्याचाच स्वयंपाक केला.

रविवारी समर्पण ठरल्याप्रमाणे झालं. आमच्या मंडळीने ते मोठ्या पडद्यावर पाहिलं. ताईने फीत कापली आणि इथे टाळ्या वाजल्या. मी उठून बाहेर गेलो.

ती परत आली त्या रविवारी चर्चच्या दारावर दोघांचा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. हार झाले, गाणं झालं. पाळकसाहेब म्हणाले, आता विमलाबाई साक्ष देतील. ताई उठली. एरवी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्या दिवशी पुढच्यांनाही कान द्यावा लागला.

"त्यांनी मला पुन्हा पुन्हा विनवलं, घरी चल. मी नाही आणलं. देवाने मला तिथे थांबवून ठेवलं नव्हतं. इथे तुमच्यापुढे ताठ उभं राहता यावं म्हणून मी थांबले. माझी साक्ष एवढीच आहे."

सवयीने कुणीतरी आमेन म्हणायला तोंड उघडलं आणि अर्ध्यावरच थांबलं. ताई चालत गेली आणि मागच्या बाकावर बसली. इतके दिवस मी जपलेला राग मला तेव्हा कुठे ठेवावा कळेना.

उपासना सुटल्यावर मी डबा भरून घेतला. ती माझ्याबरोबर दफनभूमीत आली. अमितच्या मोगऱ्याला तिने स्वतः पाणी घातलं. शेजारची माती नरम, काळी होती आणि तिच्यावर गवत उगवलं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

"दाजींनी सांगितलं होतं," मी म्हणालो. "ते गेल्यावर बंद करायला जमलं नाही."

ती खाली बसली आणि एकेक काडी उपटत ती जागा साफ करायला लागली. वर न बघता म्हणाली, "मनोज, मी मेल्यावर मला इथे ठेवू नकोस. कुठेही ठेव, भिंतीजवळ ठेव. ही जागा त्यांची आहे."

"बरं," मी म्हणालो.

"आणि पाणी घालत जा," ती म्हणाली.