तीन पाण्यांतून न काढलेली काच

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. आईला फोनवर सांगावं म्हणून दोनदा सुरुवात केली, आणि दोन्ही वेळा तिच्या गुडघ्याचं विचारून फोन ठेवून दिला. तुम्हाला सांगतेय. का, ते मलाही नीट कळत नाही.

मी यवतमाळकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याला कुपवाडला फाउंड्रीत काम लागलं, म्हणून इकडे आलो. आणि मला पाणी-माती तपासायच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला घेतलं ते मनीषा मॅडमनी. त्या कराडच्या, लॅबमधल्या केमिस्ट. फ्लास्क कसा धरायचा, पिपेट कुठे फुटते, सगळं त्यांनी शिकवलं. माझं बोलणं ऐकून बाकीचे हसायचे, त्या कधी हसल्या नाहीत. त्यांचे उपकार — पण थांबा. उपकारांचं सांगत बसले की मुद्दा लांबतो. इतके दिवस तेच तर करतेय मी.

मग ते मशीन आलं. अल्ट्रासोनिक क्लीनर. स्टीलची टाकी, त्यात साबणाचं कोमट पाणी. जाळीच्या ट्रेमध्ये भांडी ठेवायची, बटण दाबायचं. माश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो आणि काचेचा मळ धुरासारखा सुटतो. हाताने घासायला नको. लॅबचे साहेब हसत म्हणाले, "लता, आता तू काय करणार गं?" थट्टाच होती. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. काढून टाकलं तर? एकट्या नवऱ्याच्या पगारात इथे राहायचं कसं?

मशीनमधून काढलेली काच आधी नळाखाली धरायची, मग डिस्टिल्ड वॉटरच्या तीन पाण्यांतून काढायची. मॅडमनी बजावलं होतं — साबण दिसत नाही, पण राहतो. त्यात फॉस्फेट असतं, आणि आपण तेच तर तपासतो. मला माहीत होतं. ऐकताय ना? माहीत होतं. पण तीन पाण्यांना वेळ लागतो, आणि मला दाखवायचं होतं की मशीन आणि मी मिळून दुप्पट ट्रे काढतो. नळाखाली धरली की काच लखलखायची. कोण बघतंय?

पंधरा दिवसांत सगळ्याच नमुन्यांत फॉस्फेट जास्त यायला लागलं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर तपासलं, तर त्यातही! साहेब खेकसले, "आवं मॅडम, कोऱ्या पाण्यात पण फॉस्फेट? खत टाकलंय काय त्यात?"

मॅडम माझ्याकडे आल्या. "लता, मशीननंतर तीन पाणी देतीस न्हवं?"

"व्हय मॅडम."

आमच्याकडे 'हो जी' म्हणतात. पण खोटं मी इकडच्या बोलीत बोलले, आणि तेही चटकन.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. साहेबांना म्हणाल्या, "ही खोटं बोलायची न्हाई. माझाच हात कुठंतरी चुकतोय."

साहेबांनी त्यांना तपासणीच्या टेबलावरून उठवलं आणि गावोगाव नमुने गोळा करायला लावलं. टेबलावर दुसरे केमिस्ट बसले. आणि मी? मी घाबरून त्याच दिवसापासून तीन पाणी द्यायला लागले. कधी कधी चार. आकडे सरळ झाले.

कळलं का, काय झालं ते? मॅडम उठल्या आणि आकडे सुधारले. सगळ्यांना पुरावाच मिळाला! मी नीट वागायला लागले, म्हणून चूक त्यांच्या नावावर पक्की झाली. हे मला तेव्हाच समजलं होतं, नंतर नाही. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं, ते एकटेच चहा पीत होते. मी ट्रे घेऊन दारावरून पुढे गेले.

तीन महिन्यांनी मॅडम नोकरी सोडून कराडला परत गेल्या. जाताना माझ्यासमोर साहेबांना म्हणाल्या, "मशीन हाय म्हणून हिला काढू नका. लय चोख काम हाय हिचं."

साहेबांनी नाही काढलं. मी अजून तिथेच आहे.